हळदीचा कागद घरात ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मागच्या आठवड्यात घरच्या घरी करायच्या नैसर्गिक साफसफाईवर पानभर मजकूर आला. घट बसायला थोडेच दिवस राहिलेत. आमच्या सांगलीत सध्या घरोघरी दसरा काढायचं काम चाललंय, गच्च्यांवर वाकळा वाळताहेत, माळ्यावरची भांडी खाली आलीत. अशा वेळी तो मजकूर पुष्कळांनी कापून ठेवला असणार. आमच्याच बिल्डिंगमध्ये दोन घरांत तो फ्रिजवर चिकटवलेला मी पाहिला, म्हणून हे पत्र आजच लिहायला बसलोय.

लेखाचा हेतू मला मनापासून पटतो. २०१९ पासून आमच्या घरातली बहुतेक सफाई रिठा, चिंच, सोडा आणि ऊन यांच्यावर चालते. पण त्यात एक सूचना अशी आहे की, संडास-बाथरूमसाठी नेहमीच्या क्लीनरमध्ये अर्धी वाटी व्हिनेगर टाका, दुप्पट चमक येते. ही सूचना कृपया मागे घ्यावी. नेहमीचं क्लीनर म्हणजे एखाद्या घरात ब्लीच असतं, एखाद्या घरात टीसीएलची, म्हणजे ब्लीचिंग पावडर. त्यात व्हिनेगर पडलं की क्लोरीन वायू सुटतो. लिंबू पिळलं तरी सुटतो, गूळ आणि फळांच्या साली मुरवून घरी केलेलं बायोएन्झाइम ओतलं तरी सुटतो. ॲसिड ओतलं तर जास्त जोरात सुटतो, एवढंच.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. तेव्हा आम्ही गावभागात तळमजल्यावर राहत होतो. पाणी ओसरल्यावर घरात शिरलो तर पोटरीपर्यंत गाळ, भिंतीवर डोक्याच्या वर ओली रेघ, आणि तो वास. पुराचा वास ज्यांनी घेतलाय त्यांना वेगळं सांगायला नको. दोन दिवस फावड्यानं आणि खराट्यानं गाळ ओढला. तिसऱ्या दिवशी आम्हाला टीसीएल मिळाली. टीसीएल म्हणजे ट्रॉपिकल क्लोराइड ऑफ लाइम, गावोगावी विहिरीत आणि पाण्याच्या टाकीत टाकतात ती. मी स्वतःच्या हातानं ती संडासात आणि मोरीत जाड थरानं पसरली आणि पुढच्या खोलीत भिजून लगदा झालेली पुस्तकं उचलायला गेलो. संडासाच्या भांड्यावर गाळाचे पिवळट डाग राहिले होते. माझी पत्नी ॲसिडची बाटली घेऊन आत गेली, उकिडवी बसली आणि ओतली.

आधी तिचा खोकला ऐकू आला, मग वास. तो वास मला चांगला ओळखीचा होता. मी एका हायस्कूलमध्ये ३१ वर्षं प्रयोगशाळा सहाय्यक होतो. मँगनीज डायऑक्साइडवर हायड्रोक्लोरिक ॲसिड टाकून क्लोरीन करायचा प्रयोग असला की सर वर्गावर यायच्या आधी मी सगळ्या खिडक्या उघडून ठेवायचो. क्लोरीन हवेपेक्षा जवळजवळ अडीच पट जड असतो, त्यामुळे तो खाली बसतो आणि सरळ ठेवलेल्या बरणीत तळापासून भरत येतो. संडासात उकिडवं बसलेल्या माणसाचं तोंड नेमकं त्याच उंचीला असतं. मी तिला दंडाला धरून ओढत अंगणात आणलं. दोन दिवस ती दवाखान्यात ऑक्सिजनवर होती. आजही पावसाळी हवेत तिला जिना चढताना मध्ये थांबावं लागतं.

शाळेत ॲसिडचं कपाट वेगळं आणि ब्लीचिंग पावडरचं वेगळं, दोन्हींना कुलूप, अशी शिस्त मी नोकरीचा शेवटचा दिवस संपेपर्यंत पाळली. घरात मात्र दोन्ही मोरीच्या एकाच कोपऱ्यात ठेवली आणि बायकोला एका शब्दानं सांगितलं नाही. ही चूक माझी. आपल्या वाचकांपैकी कुणाकडून ती होऊ नये म्हणून एवढं लांबण लावतोय.

त्या प्रसंगानंतर घरातली सफाई मी माझ्याकडे घेतली. धुण्याभांड्याला मावशी येतात, बाकी सगळं मी बघतो. आणि तेव्हा पहिल्यांदा मी त्यांच्या हातांकडे नीट पाहिलं. बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडलेल्या, नखांच्या कडेला चिरा. रोज पाच घरची भांडी, प्रत्येक घरची पावडर वेगळी, फरशी पुसायला फिनेल वेगळं. “काका, हाताची सालटं निघाल्यात बघा, भाकरी थापताना मीठ झोंबतंय,” असं त्यांनी सहज सांगितलं. रबरी हातमोजे आणून दिले तर म्हणाल्या, यात भांडं हातात राहत नाही, निसटतंय. नैसर्गिक साफसफाईचे लेख वाचताना मला नेहमी वाटतं की हे सगळं आपल्या मुलाबाळांसाठी आणि पर्यावरणासाठी म्हणून लिहिलं जातं. ज्या बाईचे हात दिवसाचे चार-पाच तास त्या पाण्यात असतात तिचं नाव त्यात येत नाही. आमच्याकडे भांडी रिठ्याच्या पाण्यात घासायला लागल्यापासून, निदान आमच्या घरी आल्यावर तरी, त्यांचे हात झोंबत नाहीत असं त्या म्हणतात.

आता हळदीच्या कागदाबद्दल, म्हणजे सफाईचं पाणी आंबट की अल्कधर्मी हे घरीच ओळखायच्या पट्टीबद्दल. सांगलीत हळदीला तोटा नाही. एक चमचा हळद चार चमचे पाण्यात कालवायची, पांढऱ्या कोऱ्या कागदावर दोन्ही बाजूंनी लेप द्यायचा आणि सावलीत वाळवायचा. हळद झटकून बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापायच्या आणि झाकणाच्या डब्यात ठेवायच्या. आपल्या घरातलं कोणतंही सफाईचं पाणी त्यावर एक थेंब टाकून बघा. साबणाच्या पाण्यानं पट्टी तांबडी होते. धुण्याच्या सोड्यानं आणि लाकडाच्या राखेच्या पाण्यानं लालबुंद, खायच्या सोड्यानं जराशी तांबूस. म्हणजे ते पाणी अल्कधर्मी. लिंबू, चिंच, ताक, व्हिनेगर यांनी पट्टी पिवळीच राहते. साध्या पाण्यानंही ती पिवळीच राहते, म्हणून आंबटपणा ओळखायचा असेल तर सोड्याच्या पाण्यानं आधी लाल करून घेतलेली पट्टी वापरायची, आंबट थेंब पडला की ती परत पिवळी होते. टीसीएलच्या पाण्यात पट्टी आधी लाल होते आणि मग तिचा रंगच उडत जातो. असा रंग उडताना दिसला की त्या पाण्यात दुसरं काही म्हणजे काहीही घालायचं नाही, एवढं घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवं.

या एका कागदानं लेखातला दुसरा घोळही लक्षात येतो. व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करून केलेलं मिश्रण ‘सर्व डागांवर रामबाण’ असं त्यात म्हटलंय. बाजारातल्या व्हिनेगरमध्ये साधारण ४ ते ५ टक्के ॲसिटिक ॲसिड असतं. असं १०० मिली व्हिनेगर सहा-सात ग्रॅम सोड्यानं, म्हणजे जेमतेम दीड लहान चमच्यानं, पूर्ण मरतं. फसफसतो तो कार्बन डायऑक्साइड, तो उडून जातो. मागे राहतं सोडियम ॲसिटेट, म्हणजे एक क्षार विरघळलेलं पाणी. मी ते करून पाहिलं. फेस बसल्यावर पिवळी पट्टी पिवळी राहिली आणि लाल पट्टी जेमतेम बदलली. आंबटाचं काम गेलं आणि सोड्याचंही गेलं. सिंकच्या जाळीत अडकलेला खरकट्याचा बोळा त्या फेसानं थोडा हलतो हे खरं आहे. पण तुपकट बसलेल्या पाइपला मूठभर धुण्याचा सोडा आणि वर कढत पाणी याचाच उपयोग होतो.

आणि व्हिनेगरच कशाला? दुकानातली स्वस्त पांढरी बाटली उचलून तिच्यावरचं बारीक अक्षर वाचा, पुष्कळ बाटल्यांवर ‘सिंथेटिक’ लिहिलेलं सापडेल. आपल्याकडे आंबटाला काय कमी आहे? आमटीला काढून उरलेला चिंचेचा चोथा, सोलकढीचं आमसूल, सरबताची पिळलेली लिंबं, फार आंबट झालेलं ताक. समई, ताम्हण, तांब्या यांवर चोथा आणि मीठ चोळलं की काळपटपणा डोळ्यांदेखत सुटतो, कारण तांब्यावर चढलेला ऑक्साइडचा थर आंबटात विरघळतो. फक्त लगेच धुऊन फडक्यानं कोरडं करायचं, नाहीतर दुसऱ्या दिवशी हिरवट डाग धरतात. ॲल्युमिनियमची कढई सोड्यात भिजत घातली तर काळी पडते, आणि तीच कढई चिंचेचं पाणी घालून उकळली की उजळते. आमच्या आजीला हे सगळं तोंडपाठ होतं. कुठल्या भांड्याला आंबट आणि कुठल्याला राख, यात ती कधी चुकल्याचं मला आठवत नाही.

आंबट कुठे लावू नये हेही तितकंच महत्त्वाचं, आणि ते लेखात कुठेच नाही. शहाबादी फरशी हा चुनखडीचा दगड आहे. कडप्पाही तसाच, आणि संगमरवराचं गोत्रही तेच. शाळेत आठवीच्या मुलांना मी शहाबादीचा तुकडा बशीत ठेवून त्यावर लिंबाचे दोन थेंब टाकायला सांगायचो. बारीक बारीक बुडबुडे येतात, कान जवळ नेला तर चुरचुर ऐकू येते. थेंब पुसल्यावर तिथे बोट फिरवलं की खरखरीत लागतं. तो दगडच विरघळलेला असतो. माझ्या एका चुलत वहिनींनी कुठेतरी वाचून स्वयंपाकघराचा कडप्प्याचा ओटा महिनाभर व्हिनेगरनं पुसला. तीस वर्षांची काळी चकाकी गेली आणि राखाडी ढग उमटले. पॉलिशवाल्याला बोलवावं लागलं. अशा ओट्याला आणि फरशीला रिठ्याचं पातळ पाणी किंवा नुसतं कोमट पाणी पुरेसं असतं.

रिठ्याबद्दल मी कितीही लिहीन. गणपती पेठेत अर्धा किलो आणले तर आम्हा दोघांना दोन-अडीच महिने जातात. बी काढून पंधरा-वीस रिठ्यांची टरफलं लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी वीस मिनिटं उकळायची, गार झाल्यावर हातानं कुस्करून गाळायची. पाणी चहाच्या रंगाचं होतं आणि बाटली हलवली की पांढराशुभ्र फेस येतो. रिठ्यात सॅपोनिन असतं, फेस त्याचाच. बोअरच्या जड पाण्यात साबणाची साय धरते, भांड्यांवर ती पांढरी चिकट पुटं बसतात ना, तीच. रिठ्याची तशी साय होत नाही. आमच्या अपार्टमेंटला उन्हाळ्यात टँकर आणि बोअर यांवरच दिवस काढावे लागतात, तेव्हा हा फरक रोज दिसतो. डोळ्यात मात्र हे पाणी जाऊ देऊ नका, फार चरचरतं. शिवाय ते टिकत नाही. फ्रिजमध्ये आठवडाभर राहतं, बाहेर ठेवलं तर तिसऱ्या दिवशी वास मारायला लागतं. म्हणून थोडं थोडंच करावं. आणि खरं सांगायचं तर पुरणपोळीच्या तव्यापुढे किंवा तेलकट झाऱ्यापुढे एकटा रिठा हात टेकतो. तिथे आधी कढत पाणी आणि धुण्याचा सोडा लावायचा, मग रिठा.

नळांवर आणि शॉवरला जो पांढरा खडा धरतो त्याला लिंबूसत्त्व. लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे, त्यात जुनं फडकं भिजवून नळाला तासभर गुंडाळून ठेवायचं आणि मग टूथब्रश फिरवायचा. फडकं काढताना खड्यात बुडबुडे दिसतात, शहाबादीवर दिसले होते तसेच. दगडाचं नुकसान करणारी ती क्रिया इथे आपल्या कामाला येते.

हळदीच्या डागाचंही सांगतो, कारण सणाच्या दिवसांत तो लागतोच. मागच्या गौरीच्या जेवणात माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर वरण सांडलं. सुनेनं घाईनं साबण लावला आणि डाग रक्तासारखा लाल झाला, तशी ती घाबरली. तिला म्हटलं, घासू नकोस, हा आपला हळदीचा कागदच आहे. साबण अल्कधर्मी म्हणून रंग लाल झाला. भरपूर पाण्यात खळबळला, तेव्हा परत पिवळा झाला. मग ओलाच सदरा गच्चीवर कडक उन्हात, डाग वर येईल असा पसरला. संध्याकाळी फिकट सावली उरली होती, दुसऱ्या दिवशीच्या उन्हात तीही गेली. हळदीचा रंग उन्हात तुटतो, म्हणून पट्ट्या सावलीत वाळवायच्या आणि डाग उन्हात. पुरात भिजलेल्या गाद्या टाकून द्याव्या लागल्या, पण वाकळा आम्ही त्याच गच्चीवरच्या उन्हानं वाचवल्या.

नैसर्गिक म्हणून सगळ्याच गोष्टींवर विसंबू नये, हेही मी तितक्याच जोरानं लिहितो. आमच्या सोसायटीतल्या महिला मंडळात गूळ १, फळांच्या साली ३ आणि पाणी १० या प्रमाणात बायोएन्झाइम करतात. तीन महिने मुरवतात. चांगलं होतं, आंबट असतं, सिंक आणि टाइल्सना मी वापरतो. पण काचेच्या बरणीत घट्ट बूच लावून ठेवू नका, पहिला महिना त्यात भरपूर वायू होतो, बरणी फुटते. रोज झाकण सैल करावं लागतं. आणि घरात कुणाला जुलाब लागले असतील, कावीळ झाली असेल, किंवा पुराचं पाणी शिरलं असेल, तर तिथे लिंबाच्या सालींचं पाणी पुरणार नाही. तिथे टीसीएलच हवी, मापात, खिडक्या उघड्या ठेवून, आणि एकटी. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला तेव्हा आम्ही पहिल्या मजल्यावर राहायला गेलो होतो. खालच्या बिऱ्हाडांची सफाई सुरू झाल्यावर मी प्रत्येक दारात जाऊन आधी ॲसिडच्या बाटल्या बाहेर काढायला लावल्या. लोक वैतागले, पण काढल्या.

ॲसिडचा विषय निघालाच आहे तर तेही लिहितो. जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ॲसिडच्या खुल्या विक्रीवर निर्बंध घातले. विकणाऱ्यानं नोंदवही ठेवायची, घेणाऱ्याचं ओळखपत्र पाहायचं, १८ वर्षांखालच्याला द्यायचं नाही. आणि आमच्या गल्लीत आजही दर पंधरवड्याला सायकलवरून “फिनेऽऽल, ॲसिऽऽड” अशी हाळी येते. कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटलीत भरून मिळतं. बाटलीवर आतल्या मालाचं नाव नाही, काही नाही. शेजारच्या घरात पाच वर्षांच्या नातवानं ती बाटली सरबताची समजून उचलली होती. आजीचं लक्ष होतं म्हणून बूच उघडायच्या आत हिसकावली. आपल्या बातमीदारांनी एकदा या सायकलींच्या मागे जावं. ते ॲसिड कुठून येतं आणि बाटल्या कुठे भरल्या जातात हे छापून यायला हवं.

संपादक महोदय, माझी विनंती दोनच गोष्टींची आहे. ती व्हिनेगरची सूचना मागे घेतल्याचं पुढच्या रविवारी त्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरात छापावं. आणि सफाईवर जेव्हा जेव्हा मजकूर द्याल तेव्हा सगळ्यात वर एक चौकट द्यावी: ब्लीच किंवा टीसीएलमध्ये ॲसिड, व्हिनेगर, लिंबू, बायोएन्झाइम, अमोनिया यातलं काहीही मिसळू नये, घुसमट झाली तर डाग राहू दे, आधी माणसाला मोकळ्या हवेत न्यावं आणि मग दवाखाना गाठावा. चौकट अशा भाषेत हवी की आमच्या मावशींना त्यांच्या मुलीनं वाचून दाखवली तर एका वाचनात समजेल. त्या ज्या पाच घरांत जातात त्या पाचही घरांत ती चिकटवायची जबाबदारी मी घेतो.

पाकिटात हळदीच्या आठ पट्ट्या घातल्या आहेत. आपल्या कार्यालयातल्या मोरीतल्या बाटल्यांवर वापरून पाहाव्यात. खिडकीत ठेवू नका, उन्हानं रंग उडतो.

आपला नम्र,
एक वाचक
(निवृत्त प्रयोगशाळा सहाय्यक, सांगली)